तळ्याची दुरुस्ती आणि माशांचा तात्पुरता मुक्काम

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाणी तळाशी गेले की तळ्यांच्या दुरुस्तीला वेग येतो. गाळ काढणे, पाळीवरील झुडपे तोडणे, खचलेला भराव चोपणे, सांडव्याची डागडुजी करणे, शेततळे अस्तरीचे असल्यास फाटलेल्या प्लॅस्टिकला जोड देणे, अशी कामांची यादी अंदाजपत्रकात नेमकेपणाने मांडलेली असते. त्याच तळ्यात वर्षभर पोसलेले मासे या दिवसांत कोठे राहतील, त्यांना पाणी कोण देईल आणि त्यांची देखरेख कोण करील, याची ओळ मात्र माझ्या पाहण्यातील अंदाजपत्रकांत क्वचितच आढळते. यंत्र दारात उभे राहिल्यावर धावपळ होते. मिळेल त्या टाकीत, मिळेल त्या पाण्यात मासे कोंबले जातात आणि तीन-चार दिवसांनी ‘उन्हाने मासे मेले’ असे सांगितले जाते.

या विषयावर माझे मत स्पष्ट आहे. तळे कोरडे असते ते काही आठवडे म्हणजे मासे आणि तळ्याचा तळ एकमेकांपासून अलग असण्याचा दुर्मीळ काळ होय. माशांच्या अंगावरील परजीवींचे जीवनचक्र तोडण्याची इतकी चांगली संधी पुन्हा कित्येक वर्षे येत नाही. मासे त्यांच्या उवांसकट परत नव्या पाण्यात सोडले, तर दुरुस्तीवर केलेल्या खर्चाचा मोठा लाभ आपण स्वतःच घालवतो. म्हणून या मुक्कामाची तरतूद दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच असावी आणि माशांच्या टाकीत पिकावरील कीटकनाशकाचा एक थेंबही जाऊ नये.

प्रस्तुत लेखक कीटकशास्त्राचा अभ्यासक आहे, मत्स्यशास्त्राचा नव्हे. तरीही हा विषय माझ्याकडे येतो, कारण पाण्यात काही हलताना दिसले की शेतकरी त्यास ‘कीड’ म्हणतो आणि किडीचा डॉक्टर शोधतो. जबलपूरच्या उत्तरेस रिछाईची औद्योगिक वसाहत आहे. तिच्या एका अंगाला अधारताल व कृषी विद्यापीठ, तर दुसऱ्या अंगाला महाराजपूर येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन निदेशालय आहे. कारखान्यांची रांग संपते तेथे शेते आणि लहानमोठी तळी सुरू होतात. हे शहर मुळात तळ्यांचेच. राणी दुर्गावतीच्या नावाचा राणीताल, तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल आणि दिवाण अधारसिंहाच्या नावाचा अधारताल, अशी परंपरा येथे सांगतात. दुर्गावतीला वीरमरण आले ते १५६४ मध्ये. आज राणीताल म्हटले की लोकांना क्रीडासंकुल आठवते आणि चेरीताल म्हटले की दाट वस्ती. उरलेल्या तळ्यांची दुरुस्ती होणे म्हणूनच अगत्याचे आहे, आणि ती माशांना वगळून होऊ नये.

विदर्भातील वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. १९५६ पर्यंत जबलपूर आणि भंडारा एकाच प्रांतात होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले आणि त्यांतील मासेमारी ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांच्या वाट्याला आली. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली आणि २४ एप्रिल २०२२ रोजी देशभर अमृत सरोवर अभियान सुरू झाले. गाळ काढण्याची यंत्रे त्यामुळे गावोगाव पोहोचली. गाळ शेतात जातो याचा आनंदच आहे. पण तो कोणाच्या उपजीविकेच्या खालून काढला जात आहे, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारले गेले पाहिजे.

आता मुद्द्याचे. टाकीत किती मासे ठेवावेत, हा पहिला प्रश्न नाहीच. कोणते मासे ठेवूच नयेत, हा पहिला प्रश्न आहे. बाजारात जाण्याजोगा मासा दुरुस्तीच्या आधी विकावा. तो टाकीत ठेवून मे महिन्यात जगवण्याचा खर्च, वीज आणि जोखीम यांचा हिशेब केला तर बहुधा तोटाच निघतो. ठेवण्याजोगे दोनच गट असतात. एक, प्रजननक्षम नर-माद्या, कारण पाऊस पडताच त्यांची गरज लागणार असते. दोन, बोटुकली व वर्षभराची लहान मासळी, जी दाटीत आणि कमी खाद्यावर काही काळ खुंटलेली राहते व मोकळ्या पाण्यात गेल्यावर झपाट्याने वाढते. आंध्रातील मत्स्यशेतकरी अशी खुंटवलेली बोटुकली मुद्दाम ठेवतात. यांखेरीज मरळ, मागूर यांसारखे स्थानिक मासे असतात. ते हवेतून श्वास घेऊ शकतात आणि ओल्या चिखलात दडून राहतात, त्यामुळे ‘सगळे मासे काढले’ असे म्हटल्यावरही तळात उरतात आणि यंत्राच्या दातांखाली जातात. तळ्याचा सर्वांत खोल डोह शेवटी खोदावा आणि त्याआधी एक दिवस हाताने चाळावा. कोणत्या कोपऱ्यात काय दडते हे जाळे टाकणाऱ्यांना अचूक ठाऊक असते. त्यांना त्या दिवशी रोजाने बोलवावे.

तलाव मोठा असेल तर टाकीचा विचार दुय्यमच. मध्ये कच्चा आडवा बांध घालून अर्ध्या भागात पाणी राखणे आणि दुसऱ्या अर्ध्याची दुरुस्ती करणे, किंवा शेजारच्या तळ्यात जाळीचा हापा बांधून मासे ठेवणे, हे टाकीपेक्षा केव्हाही बरे. शेजाऱ्याचे तळे वापरताना एवढेच पाहावे की आपले आजार त्याच्याकडे आणि त्याचे आपल्याकडे येणार नाहीत. अस्तरीच्या शेततळ्याला मात्र हा मार्ग नसतो. ५०० मायक्रॉनच्या कागदाला जोड द्यायचा तर तळ पूर्ण कोरडा आणि स्वच्छ लागतो. तेथे टाकी अटळ आहे.

टाकीतील मासा उन्हाने क्वचितच मरतो. तो प्राणवायूच्या अभावाने आणि स्वतःच मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकलेल्या अमोनियाने मरतो, ऊन त्या दोन्हींना जोर देते. ३० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना ७ च्या आसपास. नुकताच पकडलेला, बावरलेला कार्प जातीचा मासा किलोमागे ताशी साधारण ३०० मिलिग्रॅम प्राणवायू वापरतो असे धरू. १,००० लिटर पाण्यात १० किलो मासे आहेत आणि वीज गेली. प्राणवायू ३ मिलिग्रॅमपर्यंत उतरायला दीड तास पुरतो. तेवढ्याच पाण्यात २ किलो मासे असतील तर सात-साडेसात तास मिळतात. हा स्थूल हिशेब आहे, पृष्ठभागातून थोडा प्राणवायू मिसळतो तो यात धरलेला नाही. तरी विस्तार कार्यकर्त्याने शेतकऱ्यापुढे तो मांडावा आणि मग विचारावे, तुमच्या गावात रात्री वीज किती वेळ जाते? टाकीतील माशांची संख्या त्या उत्तरावरून ठरते.

अमोनियाचा हिशेबही असाच साधा आहे. ३० टक्के प्रथिने असलेले एक किलो खाद्य माशांनी खाल्ले की ढोबळमानाने ३० ग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात उतरते. १०,००० लिटरच्या टाकीत ते लिटरमागे ३ मिलिग्रॅम होते. यातील विषारी भाग सामूवर अवलंबून असतो. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ ला सात टक्क्यांहून थोडा अधिक आणि सामू ९ ला जवळजवळ ४५ टक्के. म्हणजे तेच पाणी, तेच खाद्य, तेच मासे असूनही केवळ सामूच्या फरकाने टाकी सुरक्षित किंवा प्राणघातक ठरते. नव्याने गिलावा केलेल्या सिमेंटच्या हौदात मासे का तगत नाहीत, याचे उत्तर येथे आहे. त्यातून चुना सुटतो आणि सामू चढतो. असा हौद वापरायचाच असेल तर तो अनेकदा भरून रिता करावा आणि सामू मोजूनच मासे सोडावेत.

मासे हलवण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. टाकीत गेल्यावरही पहिले दोन दिवस काही देऊ नये, आणि नंतर जे द्यावे ते जगण्यापुरते. भुकेने मासा महिनाभरात मरत नाही, खाद्याने तीन दिवसांत मरू शकतो. ही गोष्ट शेतकऱ्याला पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण जनावराला उपाशी ठेवणे त्याच्या मनाला पटत नाही. अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू टाकीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे मुक्काम संपत येतो तेव्हा. तोवर रोज पाव हिस्सा पाणी बदलणे हाच खरा उपाय. विंधन विहिरीचे पाणी उंचावरून, फवाऱ्यासारखे पडू द्यावे, कारण त्यात प्राणवायू कमी आणि कर्बवायू अधिक असतो. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते एक दिवस उघड्यावर ठेवावे. लिटरमागे ३ ग्रॅम साधे मीठ घातल्यास माशांवरील ताण हलका होतो आणि नायट्राइटचा विषारीपणाही घटतो. अमोनिया शोषण्यासाठी झिओलाइट टाकले असेल तेथे मात्र मीठ घालू नये. मिठामुळे झिओलाइटने धरलेला अमोनिया पुन्हा पाण्यात सुटतो.

रिछाईच्या पुढे एका तळ्याच्या पाळीचे काम सुरू असताना तेथील मत्स्यशेतकऱ्याने मला बोलावून घेतले. कुटुंब मूळचे नागपूरकडचे, तीन पिढ्या जबलपुरात. त्यांनी ताडपत्रीच्या गोल टाकीत रोहूचे व कटल्याचे नर-मादी ठेवले होते. पहिल्या दिवसांत काही कटले दगावले होते. उरलेले मासे अंग टाकीच्या कडेला घासत होते, मधूनच उसळ्या मारत होते. “सर, पाण्यात कीड पडली आहे. कोणते औषध मारू?” असे म्हणत त्यांनी काचेची बरणी पुढे केली. तीत मसुरीच्या दाण्याएवढ्या, चपट्या, जवळजवळ पारदर्शक चकत्या गरगर पोहत होत्या. शेजारी ओट्यावर भाजीपाल्यावर फवारण्याच्या सायपरमेथ्रिनची बाटली होती. ती अजून उघडलेली नव्हती, एवढेच बरे.

त्या चकत्या म्हणजे अर्ग्युलस, माशांच्या उवा. नावात ऊ असली तरी तो कीटक नाही. त्याचे कूळ झिंग्या-खेकड्यांचे, म्हणजे कवचधारी प्राण्यांचे. मोजून पाहा, पोहण्याच्या पायांच्या चार जोड्या सापडतील, कीटकाच्या तीन नव्हेत. दुसरा असाच पाहुणा म्हणजे लर्निया, ज्यास अँकर वर्म म्हणतात. माशाच्या अंगातून दोऱ्यासारखे काही लोंबते आणि मुळाशी लाल गाठ दिसते, तो हा. तोही कवचधारीच. हे वर्गीकरण केवळ पंडिती नाही. अर्ग्युलसची मादी माशाचे अंग सोडून टणक पृष्ठभागावर अंडी चिकटवते. तळ्यात ती दगड, खुंट, पाणवनस्पतींचे देठ शोधते, टाकीत तिला चहूबाजूंनी भिंतच भिंत मिळते. मोठ्या तळ्यात एका माशाचा शोध घेताना पिल्लांची निम्मी फौज उपाशी मरते. टाकीत मात्र प्रत्येक पिल्लाला हातभर अंतरावर मासा सापडतो. तळ्यात ज्या उवा जाणवल्या नव्हत्या, त्या टाकीत पंधरा-वीस दिवसांत अनावर होतात त्या यामुळे.

आणि हीच त्यांची दुबळी बाजू आहे. अंडी भिंतीवर, मासे पाण्यात, तर मासे भिंतीपासून दूर नेता येतात. उन्हाळ्यात अंडी फुटायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. त्यापूर्वी मासे दुसऱ्या स्वच्छ टाकीत हलवले, पहिली टाकी रिकामी करून कडक उन्हात खडखडीत वाळवली, की त्या फेरीची अंडी वाया जातात. म्हणून माझा आग्रह असा की एक मोठी टाकी न करता तेवढ्याच पाण्याच्या दोन टाक्या कराव्यात आणि आळीपाळीने एकच वापरावी. हलवताना प्रत्येक मोठा मासा ओल्या फडक्यावर घेऊन अंगावरील उवा बोथट चिमट्याने काढाव्यात, मग २ ते ३ टक्के मिठाच्या पाण्यात, मासा डळमळू लागेपर्यंत, दोन-तीन मिनिटे बुडवावा. मिठाने उवा मरतातच असे नाही, पण पुष्कळशा पकड सोडतात. ते पाणी तळ्यापासून लांब जमिनीवर ओतावे. दोन बदलांच्या मधल्या काळात टाकीत चार-पाच कौले किंवा फळ्या उभ्या ठेवाव्यात. माद्या त्यांवर अंडी घालतात, आठवड्याने त्या काढून उन्हात टाकाव्यात. रिछाईच्या तळ्यावर हेच केले. अशा तीन फेऱ्यांनंतर चिमट्याला फारसे काम उरले नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. मासा वारंवार हाताळला की त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो, खवले ढिले होतात आणि तेथून जिवाणूंना वाट मिळते. चंदेरा तर हात लागताच खवले गाळतो. म्हणून उवा दिसल्या तरच ही फेरी करावी, पहाटे करावी, आणि बोटुकलीच्या बाबतीत चिमट्याचा विचारही करू नये. तिला फक्त टाकी बदलून द्यावी.

बाटलीतले औषध वापरले तर काय बिघडते, असे मला अनेकदा विचारले जाते. कीटकशास्त्रज्ञ म्हणून मी याचे उत्तर जरा कठोरपणे देतो. पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशके माणूस व पक्षी आपल्या शरीरात लवकर मोडून टाकतात, माशाला ते जमत नाही. लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावी लागणारी मात्राही त्याला घातक ठरते. शेतावरच्या बाटलीचे झाकण हे काही त्यासाठीचे माप नव्हे. उवा मारणारी मात्रा आणि मासा मारणारी मात्रा यांत अंतर थोडेच असते, आणि उष्ण, अमोनियाने भरलेल्या टाकीत ते आणखी घटते. शिवाय अशा बाटलीवरील शिफारस ठरावीक पिकासाठी व ठरावीक किडीसाठी असते, माशांच्या टाकीसाठी नसते. जुन्या पुस्तिकांत माशांच्या उवांसाठी ट्रायक्लोरफॉन किंवा डायक्लोरव्हॉस सुचवलेले अजून वाचायला मिळते. या दोन्हींवर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यालयातील पुस्तिका एकदा उघडून पाहाव्यात आणि त्या ओळींवर काट मारावी.

खऱ्या कीटकांचाही या मुक्कामात वाटा असतो. नवे पाणी भरले की दोन-चार रात्रींतच उलटे पोहणारे पाणकिडे आणि पाणभुंगे उडत येऊन उतरतात. मागोमाग चतुर अंडी घालून जातात. मोठ्या माशांना यांचे काही वाटत नाही, पण मत्स्यबीज आणि अगदी लहान बोटुकली यांना ते फस्त करतात. यावर संवर्धन तळ्यात तेल-साबणाचे मिश्रण, हेक्टरी ५६ किलो तेल व १८ किलो साबण, वापरण्याची जुनी शिफारस आहे. ती बीज सोडण्यापूर्वीच्या तळ्यासाठी आहे. मासे असलेल्या टाकीत तेलाचा तवंग पसरला तर पृष्ठभागातून मिसळणारा प्राणवायूच अडतो. येथे सोपा उपाय पुरतो. टाकीवर बारीक जाळी ताणावी, मासे उसळून बाहेर पडू नयेत म्हणून ती तशीही लागतेच. आणि राखणीसाठी टाकीच्या डोक्यावर टांगलेला दिवा काढून वीस पावले दूर लावावा. हे किडे रात्री उजेडाकडे येतात. आपणच त्यांना जेवायला बोलावत असतो.

जबलपूरच्या तळ्यांत शिंगाडा मोठ्या प्रमाणावर घेतला जातो, सिहोऱ्याकडे विशेष. शिंगाड्याच्या पानांची चाळण करणारा भुंगेरा ही त्या पिकाची मुख्य कीड, आणि तिच्यासाठी होणारी फवारणी थेट माशांच्या पाण्यात पडते. दुरुस्तीच्या निमित्ताने तळे रिकामे होते तेव्हा शिंगाड्याचे जुने वेल व पाने काठावर न ठेवता दूर नेऊन कुजवावीत, म्हणजे किडीचा पुढच्या हंगामातील जोर काही अंशी कमी होतो. टाकीवर सावली हवी म्हणून जलपर्णी किंवा साल्व्हिनिया आणून टाकण्याची प्रथाही मला धोक्याची वाटते. तिच्या मुळांत उवांची अंडी व पाणकिडे येतात, आणि मासे परत सोडताना तिचा एक तुकडा जरी स्वच्छ केलेल्या तळ्यात गेला तरी दोन वर्षांत पाणी दिसेनासे होते. साल्व्हिनियावरील सोंडकिड्याचा भारतात उपयोग १९८० च्या दशकापासून होत आहे आणि महाराजपूरच्या निदेशालयाने या किड्यावर काम केले आहे. पण सोंडकिडा तण खातो तो महिन्यामहिन्यांच्या गतीने. ताडपत्री किंवा हिरवी जाळी टाकीवर सावली धरायला एका दुपारीत बांधता येते.

खर्चाचा प्रश्न उरतो. दोन ताडपत्रीच्या टाक्या, एक हवेचा पंप व त्याला बॅटरीचा आधार, सामू व अमोनिया तपासण्याचे साधे संच, जाळी, मीठ, आणि चार आठवड्यांची एका माणसाची राखण. गाळ काढणाऱ्या यंत्राच्या भाड्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. वैयक्तिक शेततळ्यात ती मालकाने सोसावी हे उघड आहे. सार्वजनिक तलावात मात्र ती मच्छीमार संस्थेच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. दुरुस्तीचा निर्णय संस्थेचा नसतो, पाणी सोडण्याची तारीखही तिने ठरवलेली नसते आणि ठेक्याची रक्कम तिने आधीच भरलेली असते. काम मंजूर करणाऱ्याने माशांची ओळही मंजूर करावी आणि पाणी उतरवण्यापूर्वी किमान एक महिना संस्थेला लेखी कळवावे. महिनाभर मिळाला तर विक्रीजोगा मासा चांगल्या भावाने जातो. एकाच आठवड्यात सगळा माल काठावर आला तर भाव पाडून मागितला जातो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

मासे परत नेण्याची घाई हा शेवटचा धोका. पहिल्या पावसाने तळे भरले म्हणजे ते तयार झाले असे नव्हे. नुकत्याच खरवडलेल्या तळावरचे पाणी गढूळ असते, त्यात प्लवंग नसतात, माशाला खायला काही नसते. तळ वाळल्यावर चुना, मग पाणी, मग शेणखत, आणि पाण्याला हिरवट-तपकिरी झाक येईपर्यंत आठ-दहा दिवस थांबणे, हा क्रम पाळावा. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ढीवर स्त्री-पुरुषांनी या बाबतीत फार मोलाचा अनुभव गाठीशी बांधला आहे. नुसता गाळ काढून स्थानिक मासे परत येत नाहीत, हे ओळखून त्यांनी बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. यंत्राने तळ सरसकट खरवडण्यापूर्वी अशा वनस्पतींचे कंद व गड्डे काढून एका ओल्या खड्ड्यात राखून ठेवावेत. माशांच्या टाकीत मात्र नकोत, कारण वर सांगितलेच आहे.

परत सोडण्याच्या आदल्या दिवशी दहा मासे हाप्यात घालून नव्या पाण्यात चोवीस तास ठेवावेत. ते टवटवीत राहिले तर उरलेले पहाटे न्यावेत आणि तळ्याचे पाणी थोडे थोडे पिंपात मिसळत, दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे झाल्यावर सोडावेत. टाकीतील शेवटचे पाणी तळ्यात ओतू नये. मीठ घातलेले नसेल तर ते शेतात द्यावे, घातलेले असेल तर पडीक जागी सोडावे. रिकाम्या टाकीत पावसाचे पाणी साचून डास होऊ देऊ नयेत. आणि ताडपत्री शेजाऱ्याला उसनी देण्यापूर्वी घासून, दोन्ही बाजूंनी आठवडाभर उन्हात वाळवावी. दुमडलेल्या ओल्या घड्यांत उवांची अंडी तशीच चिकटून राहतात.